तालमीत आता कुणी उलट बोलत नाही

एका वाचक दिग्दर्शिकेचं पत्र, थोडक्यात. (‘अँटिगनी’ हे सोफोक्लीस या प्राचीन ग्रीक नाटककाराचं नाटक. थीब्ज नगराचा राजा क्रेऑन आपल्या भाच्याचं, पॉलिनायसीसचं, प्रेत पुरायला बंदी करतो. त्याची बहीण अँटिगनी हुकूम मोडून प्रेतावर माती टाकते आणि क्रेऑन तिला गुहेत कोंडतो. हायमॉन हा क्रेऑनचा मुलगा, अँटिगनीचा नियोजित वर.)

‘आमच्या तालुक्याच्या गावात हौशी नाट्यसंस्था आहे. तिथे मी दहा वर्षं कामं केली, यंदा पहिल्यांदाच दिग्दर्शन करते आहे. स्पर्धेसाठी सोफोक्लीसचं ‘अँटिगनी’ घेतलं. क्रेऑन करणारे काका संस्थेतले सगळ्यात जुने, महसूल खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणतात, “क्रेऑनचं चुकलं काय? हुकूम निघाला, तो मोडला, शिक्षा झाली.” मला क्रेऑन सत्तेने माजलेला हवा आहे, म्हणून त्याचं प्रवेशाचं भाषण मी निम्मं कापलं. त्यावरून तालमीत वाद झाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “दिग्दर्शक मी आहे, मी सांगेन तसंच होईल.” तेव्हापासून सगळे सांगितलं तेवढंच करतात. काका मला ‘बाळ’ म्हणायचे, आता ‘हो मॅडम’ म्हणतात. चहाच्या वेळी मात्र सगळे प्रॉम्प्टिंगला बसणाऱ्या माईंभोवती गोळा होतात आणि आपापले सीन त्यांना विचारतात. माईंकडे संस्थेतलं कुठलंही पद नाही. काकांना बदलू का? आणि माहितीपत्रकात छापायला सत्ता आणि अधिकार यांतला फरक चार ओळींत सांगाल का? सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, हेच या नाटकाचं म्हणणं आहे ना?’

नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मला हसू आलं, त्याची आधी माफी मागून टाकते. क्रेऑन कसा उभा करायचा यावर भांडण झालं आणि त्या भांडणात क्रेऑनचं वाक्य तुम्हीच म्हणून गेलात. नाटकाच्या मध्यावर हायमॉन बापाला सांगतो की थीब्जच्या लोकांना तुमचं म्हणणं पटलेलं नाही. क्रेऑन फटकारतो, ‘म्हणजे मी काय हुकूम द्यायचे ते आता गावाने मला सांगायचं?’ संहितेतलं ते पान काढा आणि मोठ्याने वाचा. काकांना जो सूर लागायला हवा होता, तो त्या संध्याकाळी तुम्हीच सगळ्यांना ऐकवलात.

चिडू नका. पहिल्या दिग्दर्शनात बहुतेकांचं हे होतं. मी कॉलेजात शिकवत असताना मुलांची एकांकिका बसवत होते, तेव्हा एका मुलाला ‘तुला कुणी विचारलंय का?’ असं म्हणून बसले. पुढचे पंधरा दिवस तो वेळेवर आला, संवाद चोख म्हणाला आणि एकदाही त्याने माझ्याकडे बघितलं नाही. प्रयोग झाला, बक्षीसही मिळालं. ती ढाल कुठल्या कपाटात पडली आहे कोण जाणे. त्या मुलाची खाली घातलेली मान अजून आठवते.

काकांचं उत्तर आधी देऊन टाकते. त्यांना बदलू नका. का, ते ओघात येईल. त्याआधी तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींशी मला जरा भांडायचं आहे.

क्रेऑनकडे नुसती सत्ता आणि खरा अधिकार सगळा अँटिगनीकडे, असं तुम्ही धरून चालला आहात. नाटक बघून घरी जाताना तसंच वाटतं. संहिता घेऊन बसलं की मात्र गाडी अडते. इटिओक्लीस आणि पॉलिनायसीस हे अँटिगनीचे दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मेले आहेत. पॉलिनायसीस परकं सैन्य घेऊन स्वतःच्या गावावर चालून आला होता. ते सैन्य रात्रीतून पळालंय, उजाडतंय, आणि राज्य मामाच्या गळ्यात पडलंय. क्रेऑन या भावंडांचा सख्खा मामा आहे, हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोचायलाच हवं. गावातल्या वडीलधाऱ्यांना बोलावून तो भाषण करतो. तुम्ही कात्री लावलीत ती याच भाषणाला.

त्यात तो म्हणतो, माणसाचं मन, वृत्ती आणि अक्कल कळते ती राज्यकारभार आणि कायदे त्याच्या हाती आल्यावरच. हे खरंच आहे, आणि पुढच्या तास-दीड तासात ते त्याच्यावरच उलटणार आहे. तुम्ही तेच कापलंत तर उलटायला काय उरलं?

त्याचा दावाही पोकळ नाही. ‘सगळी सत्ता आणि सिंहासन माझ्याकडे आलं, कारण गेलेल्यांचा सर्वांत जवळचा नातलग मी,’ असं तो सांगतो. काकांना विचारा, या आधारावर वारसनोंद होऊन फेरफार मंजूर होईल की नाही. होईल, म्हणतील. इथपर्यंत काका बरोबर आहेत, आणि तसं त्यांना सांगा. मग म्हणा, काका, याच भाषणात थोडं पुढे वाचा. देशापेक्षा आपल्या माणसाला मोठं मानणारा माझ्या लेखी कुणीच नाही, असं क्रेऑन म्हणतो, आणि भाच्याचं प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर टाकायला सांगतो. ज्या नात्याच्या जोरावर गादीवर बसला ते नातंच तो रद्द करून टाकतोय. ज्या कागदावर नाव चढलं तोच कागद फाडणारा खातेदार काकांनी नोकरीत एकदा तरी पाहिला असेल. त्याला खलनायक म्हणता येणार नाही. तो आपल्याच पायाखालची जमीन उकरतो आहे आणि ते त्याला दिसत नाही. हे करायला खलनायकीपेक्षा किती तरी अवघड आहे, आणि मला वाटतं काकांना ते जमेल.

आणखी एक. देशद्रोह्याला आटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या मुलखाच्या, मातीत पुरायचं नाही, हा कायदा अथेन्समध्येही होता. प्रेत हद्दीबाहेर नेऊन पुरता येत असे, इतकंच. म्हणजे इ.स.पू. ४४१ च्या सुमारास हे नाटक पहिल्यांदा बघणाऱ्यांना क्रेऑनचा निम्मा हुकूम ओळखीचा वाटला असणार. तो चुकतो ते हद्दीबाहेरही पुरू न देण्यात. त्या काळचा प्रेक्षक सुरुवातीला त्याच्या बाजूने थोडा तरी झुकला असेल, असं मी धरते. तुमचा प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून अँटिगनीच्या बाजूने असेल तर मधल्या नाटकात त्याने करायचं काय?

आता अँटिगनी. देवांचे न लिहिलेले कायदे कुणा माणसाच्या हुकमाने मोडत नाहीत, हे तिचं बोलणं सगळ्यांना पाठ असतं. मला तिचा पहिल्याच पानावरचा एक शब्द त्याहून धारदार वाटतो. बहिणीला, इस्मेनीला, ती विचारते, ‘सेनापतीने काय दवंडी पिटली ते ऐकलंस का?’ राजाने म्हणत नाही, सेनापतीने म्हणते. मूळ शब्द आहे ‘स्ट्रॅटेगॉस’. अथेन्समध्ये बहुतेक पदं चिठ्ठ्या टाकून भरत, सेनापती मात्र हात वर करून निवडत. दरवर्षी दहा निवडायचे, मुदत एक वर्षाची. इ.स.पू. ४४१–४४० साली त्या दहांत सोफोक्लीस स्वतः होता. त्या प्रेक्षकांच्या कानाला हा शब्द सिंहासनाचा लागला नसेल, वर्षाने परत करायच्या पदाचा लागला असेल. तुमच्या अँटिगनीला एवढंच सांगा, तो शब्द गिळू नकोस.

पण तीही काही फार ऐकून घेणाऱ्यातली नाही. इस्मेनी बिचारी अडचण सांगते, आपण दोघीच उरलो आहोत, आपल्या हाती काय आहे? अँटिगनी तिला तोडून टाकते: आता तू म्हणालीस तरी मला तुझी मदत नको. पुढे इस्मेनी तिच्यासोबत मरायला तयार होते तेव्हाही ती तिला झिडकारते. म्हणून मी अधिकाराची सगळी माळ अँटिगनीच्या गळ्यात घालणार नाही. मामा आणि भाची एका गोष्टीत सारखे आहेत, दोघांनाही उलट उत्तर सोसत नाही. फरक असा, की भाचीच्या ताठपणाची किंमत बहुतांशी तीच भरते आणि मामाच्या ताठपणाची किंमत आधी इतरांना भरावी लागते.

उलट उत्तर हा शब्द मुद्दाम वापरला. मला सत्ता आणि अधिकार यांतला फरक या नाटकांत शोधायचा असतो तेव्हा मी मुकुट कुणाच्या डोक्यावर आहे ते बघत नाही. कुणाला उलट बोलता येतं आणि बोलल्यावर काय होतं, ते बघते.

पहारेकरी घ्या. प्रेतावर कुणीतरी माती टाकली, ही बातमी घेऊन तो येतो, भीतीने दहा वेळा थांबत, परत फिरावं का असा विचार करत. क्रेऑन त्याच्यावर भडकतो. तो घाबरट माणूस विचारतो, माझं बोलणं तुम्हाला कुठं टोचतंय, कानात की मनात? दुखतंय कुठे याची चौकशी तू कशाला करतोस, असं क्रेऑन म्हणतो. पहारेकरी म्हणतो, ज्याने केलं तो मनाला टोचतो, मी फक्त कानाला. प्रेक्षागृहात हशा पिकतो. पण बघा, सगळ्यात खालच्या माणसाने राजाला निदान कळवलं आहे की दुखणं दोन ठिकाणी असतं. क्रेऑनने तेवढं ऐकलं असतं तरी पुढचं टळलं असतं.

मग अँटिगनी त्याला तोंडावर सांगते की इथे बसलेल्या सगळ्यांना माझं पटलेलं आहे, भीतीने त्यांची तोंडं बंद आहेत. थीब्जमध्ये असं वाटणारी तू एकटीच, असं क्रेऑन म्हणतो. ती उत्तर देते, त्यांनाही वाटतं, तुझ्यापुढे तोंड मिटून बसतात इतकंच. इथे मूळ ग्रीक क्रियापद कुत्र्याने शेपूट पायात घालण्याचं आहे. शेपूट घालणं! आपल्याकडे हा वाक्प्रचार तयारच आहे. तुमच्या संहितेत तो नसेल तर अनुवादकांना विचारून बघा.

तुमच्या तालमीतलं ‘हो मॅडम’ आता या प्रकाशात ऐका.

हायमॉनचा प्रवेश तर या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. मुलगा किती अदबीने सुरुवात करतो! पुरात वाकतात त्या झाडांच्या डहाळ्या वाचतात, अडून बसतात ती मुळासकट जातात. शिडाची दोरी ताणून धरली, जरा सैल सोडली नाही, तर नाव उलटते. बापाला शिकवण्याचा सूर कुठेही नाही. मग एकेका ओळीची चकमक सुरू होते, आधी मुलगा, मग बाप, पुन्हा मुलगा. ‘गाव एकट्याच्या मालकीचं नसतं.’ ‘गाव राजाचंच म्हणतात ना?’ ‘ओसाड माळावर एकट्याने राज्य कर, छान करशील.’ आणि थोड्या वेळाने मुलगा म्हणतो, ‘तुम्हाला बोलायचं आहे, बोलून झाल्यावर ऐकायचं मात्र नाही.’

इथे मला आपल्या भाषेचं कौतुक वाटतं. मराठीत अधिकारी म्हणजे शिक्का मारणारा साहेबही आणि वारकऱ्यांत ज्याला ‘अधिकारी पुरुष’ म्हणतात तोही. ‘त्यांचा गाण्यातला अधिकार मोठा’ असं आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाकडे साधं शिपायाचंही पद नसतं. ‘अधिकारवाणी’ हा शब्द तर कुठल्या कार्यालयात सापडणार नाही. रोमन लोक असाच फरक करत, ‘पोटेस्टास’ म्हणजे पदाची ताकद आणि ‘ऑक्टोरिटास’ म्हणजे शब्दाचं वजन. कॅशिअस डिओ हा ग्रीकमध्ये लिहिणारा इतिहासकार म्हणतो की या दुसऱ्या शब्दाला ग्रीकमध्ये नेमका प्रतिशब्द देता येत नाही. ग्रीक नाटककारांकडे तो शब्द नव्हता, म्हणून की काय, त्यांनी माणसंच उभी केली.

त्यातला सगळ्यात स्पष्ट माणूस म्हणजे टायरेसिअस. आंधळा भविष्यवेत्ता, एका पोराच्या खांद्यावर हात ठेवून येतो. सैन्य नाही, पद नाही. क्रेऑन स्वतः कबूल करतो की तुझ्या सल्ल्याबाहेर मी आजवर गेलो नाही. सल्ला आवडला नाही तेव्हा मात्र त्यालाच पैसेखाऊ म्हणतो. म्हातारा भविष्य सांगून निघून जातो आणि मग जे होतं ते दिग्दर्शक म्हणून तुम्ही अगदी सावकाश बसवा. वडीलधारी मंडळी, इतका वेळ मान डोलावत बसलेली, बोलतात: आमचे काळ्याचे पांढरे झाले, पण या माणसाने गावाला कधी खोटं सांगितल्याचं आम्हाला माहीत नाही. बस. धमकी नाही, हुकूम नाही. आयुष्यभराचा हिशेब तेवढा पुढे ठेवला. आणि जो माणूस मुलाचं ऐकत नव्हता तो म्हणतो, ‘मी काय करू? सांगा. मी ऐकेन.’

म्हणून तुमची म्हण मला अर्धीच मान्य आहे. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, हे इथपर्यंत खरं. इथून पुढे चालतं, फक्त उशीर झालेला असतो. आणि त्यातही एक बारीक गोष्ट आहे. मंडळी सांगतात, आधी जा आणि त्या मुलीला गुहेतून सोडव, मग उघड्यावर पडलेल्याला मूठमाती दे. क्रेऑन धावत जातो खरा, पण उलट्या क्रमाने. आधी माळावर जाऊन कुत्र्यांनी लचके तोडलेलं प्रेत धुतात, ताज्या फांद्यांवर जाळतात, वर मातीचा उंच ढीग रचतात, आणि मग गुहेकडे वळतात. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हे सगळं दूताच्या तोंडी येतं, प्रेक्षकाच्या कानावरून सहज निसटतं. क्रम का बदलला, याचं उत्तर सोफोक्लीस देत नाही. मी माझ्यापुरतं असं वाचते की ऐकेन म्हणाल्यावरही त्याने ऐकलं ते आपल्या पद्धतीने. दूत करणाऱ्या नटाला ‘आधी’ आणि ‘मग’ या दोन शब्दांवर थांबायला सांगा.

आता तुमच्या तालमीबद्दल. माणसांना आग देणाऱ्या प्रॉमिथिअसला खडकाला जखडण्याचं एक नाटक आहे. एस्किलस या दुसऱ्या ग्रीक नाटककाराच्या नावावर चालतं, त्याचंच आहे का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्यात सत्ता आणि जबरदस्ती ही दोन पात्रंच आहेत, क्राटोस आणि बीआ. बीआला सबंध नाटकात एकही वाक्य नाही. ती फक्त तिथे असते. क्राटोस अखंड बडबडतो: ठोक, आणखी जोरात, आवळ, कुठे ढिलं सोडू नको. आणि खिळे ठोकतो तो हेफायस्टस, देवांमधला सगळ्यात कसबी कारागीर. तो हुकूम पाळतो, काम चोख करतो आणि मध्येच म्हणतो की या माझ्या कसबाचाच मला तिटकारा आला आहे. तुमच्याकडचे सगळे ‘सांगितलं तेवढंच’ करतात असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मला हेफायस्टसचा हातोडा ऐकू आला. हुकमाने काम होतं. कसब मात्र आटतं, आणि नाटकवाल्याकडे दुसरं असतं काय?

त्याच हेफायस्टसच्या तोंडी आणखी एक वाक्य आहे: सत्ता नुकतीच हातात आलेला प्रत्येक जण कडक असतो. तिथे तो देवांचा राजा झ्यूस याच्याबद्दल बोलतोय. क्रेऑनच्या हातीही राज्य येऊन एकच सकाळ झाली आहे. तुम्हाला दिग्दर्शक होऊन किती आठवडे झाले? मला नव्याने मुख्याध्यापक झालेल्यांची, सोसायटीचे अध्यक्षपद गळ्यात पडलेल्यांची, सासऱ्यांच्या मागे दुकान सांभाळणाऱ्या सुनांची पत्रं येतात, त्या सगळ्यांत ही पहिल्या महिन्यातली कडकपणाची पायरी असते. आपल्याला कुणी खिजगणतीत धरणार नाही, या भीतीने आवाज चढतो. भीती खरी असते. चढलेल्या आवाजाने ती जात नाही, एवढंच.

मग शेवटचा शब्द कुणाचा? तुमचाच. नाटक बहुमताने बसत नाही, हे काकांनाही माहीत आहे. पण शेवटचा शब्द ज्याचा, त्याने पहिला शब्द दुसऱ्याला द्यावा. एस्किलसच्या एका नाटकात डॅनॉसच्या मुली इजिप्तहून पळून आर्गॉसच्या राजाकडे, पेलॅस्गसकडे, आसरा मागतात. त्याला पटवायला त्या म्हणतात, तूच गाव, तूच लोक. क्रेऑनने हे किती आनंदाने ऐकलं असतं! पेलॅस्गस म्हणतो, सत्ता माझ्या हाती असली तरी लोकांना विचारल्याशिवाय मी हे करणार नाही. तो जातो, सभा भरवतो, बोलतो, आणि मुलींचा बाप येऊन सांगतो की वर गेलेल्या उजव्या हातांनी हवा काट्यासारखी उभी राहिली. राजाने आपलं म्हणणं सोडलं नाही. सभेला पटवून ते मंजूर करून घेतलं.

तुम्ही काय करावं? पुढच्या तालमीला सगळ्यांसमोर काकांना सांगा, ‘काका, तुमचं भाषण मी परत घेतलं. पूर्ण म्हणा.’ मोठी माफी नको, रडारड नको, काकांनाही ती झेपणार नाही. त्यांनी भाषण म्हटलं की त्यांना विचारा, क्रेऑनला पहिली शंका कुठल्या ओळीला आली असेल? पहारेकऱ्यापाशी, हायमॉनपाशी की टायरेसिअसपाशी? हे तुम्ही ठरवू नका. तीस वर्षं हुकूम काढलेल्या आणि पाळलेल्या माणसाला त्याचं उत्तर तुमच्याहून चांगलं सुचेल. आणि त्यांना ही गोष्ट जरूर सांगा: रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी हे नाटक केलं तेव्हा क्रेऑन केला होता नेल्सन मंडेलांनी. क्रेऑनच्या सुरुवातीच्या भाषणात त्यांना शहाणपण दिसलं आणि नंतरच्या आंधळ्या हट्टात पुढारपणाला न शोभणारी गोष्ट दिसली. दोन्ही दिसायला भाषण अख्खं लागतं.

एक संध्याकाळ संहिता बाजूला ठेवा. प्रत्येक नटाने क्रेऑनला एक प्रश्न विचारायचा, काकांनी क्रेऑन म्हणून उत्तर द्यायचं. तुम्ही माईंच्या शेजारी बसा, मध्ये बोलू नका. मग जाहीर करा, सीनबद्दल ज्याला जे म्हणायचं आहे ते शुक्रवारपर्यंत म्हणा, शनिवारी मी ठरवेन आणि का ठरवलं ते सांगेन. कुणाचं म्हणणं घेतलं नाही तर तेही तोंडावर सांगा. लोकांना नकाराचं फार वाईट वाटत नाही, विचारलंच नाही याचं वाटतं.

माईंचं मात्र काही करू नका. त्यांना पद देऊ नका, सहदिग्दर्शक वगैरे तर मुळीच नको. त्या तुमची जागा घेताहेत असं तुम्हाला वाटतंय; माझ्या मते त्या वीस नाटकांच्या चुका पाठ असलेल्या बाई आहेत आणि पोरांना ते कळतं. चहाच्या वेळी तुम्हीही जाऊन विचारा. दिग्दर्शकाने सर्वांदेखत माईंना विचारलं तर तुमचा मान कमी होईल असं वाटत असेल, तर टायरेसिअसला दारातून आत घेणारा क्रेऑन आठवा. तेवढी एक गोष्ट तो आयुष्यभर नीट करत आला होता.

यावरून असं समजू नका की पद वापरायचंच नाही. कुणी तालमीला पिऊन आलं, कुणी मुलींशी वेडंवाकडं वागलं, तर तिथे सभा भरवू नका. त्या दिवशी दिग्दर्शक तुम्ही आहात आणि दार तिकडे आहे. इ.स.पू. ४५८ मधल्या एस्किलसच्या नाट्यत्रयीच्या शेवटी अथीना देवी चवताळलेल्या सूडदेवतांची समजूत काढते. पुन्हा पुन्हा, न कंटाळता. त्यात एकदाच ती सहज बोलून जाते की झ्यूसची वीज ज्या खोलीत बंद आहे तिची किल्ली कुठे असते ते देवांमध्ये फक्त मला ठाऊक आहे, पण त्याची गरज नाही. आणि पुन्हा समजूत काढायला लागते. किल्ली तिच्याकडे आहे हे समोरच्यांना कळलं. तुमच्याकडेही आहे, संस्थेने दिली आहे. फक्त परवा तुम्ही ती भाषण कापायला वापरलीत.

माहितीपत्रकासाठी व्याख्या मी देणार नाही. हायमॉन आणि क्रेऑनच्या त्या तीन ओळी छापा, गाव, मालकी आणि ओसाड माळ. खाली दोघांची नावं पुरे.

आणि शेवटच्या प्रवेशाचं राहिलं. मुलगा गेला, बायको गेली, क्रेऑन म्हणतो, मला या निकामी माणसाला इथून घेऊन चला. त्याला हात देऊन कोण नेतं हे काकांना ठरवू द्या. मला विचाराल तर पहारेकऱ्याने न्यावं, पण मी तुमच्या तालमीत नाही. प्रयोगाची तारीख कळवा.